प्रकल्प नोंदी : ‘हेरणे’चं काय करायचं

४ जून

मराठी शब्दकोशाच्या कामात पाहण्याच्या क्रियापदांचा गट माझ्या वाट्याला आला. न्याहाळणे, निरखणे, टेहळणे, डोकावणे, हेरणे आणि त्यांच्या मागोमाग येणारी पाळत, टेहळणी, कटाक्ष ही नामं. कच्चा मसुदा आधीच्या फेरीतला आहे. बहुतेक ठिकाणी किरकोळ डागडुजीने भागेल. ‘हेरणे’ला मात्र थांबले. मसुद्यात असं आहे :

हेरणे (सक. क्रि.) : चोरून पाहणे, गुप्तपणे टेहळणी करणे.

मला हे पटत नाही. ‘प्रशिक्षकांनी पोराला आठवीतच हेरलं’ या वाक्यात चोरून काय आहे? प्रशिक्षक मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले, शिट्टी गळ्यात, सगळ्या गावाला दिसतायत. तरी ‘हेरलं’ हाच शब्द तिथे बसतो. ‘पाहिलं’ म्हटलं तर वाक्य निम्मं होतं, ‘निवडलं’ म्हटलं तर नजर निघून जाते.

संपादक मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, मग हेर कुठून आला? हेर उघड्यावर बसून पाहतो का? आधी व्युत्पत्ती काढ, मग भांड.”

६ जून

कोश उपसले. ‘ह’ वर्णमालेच्या शेपटीला असल्यामुळे सगळीकडे शेवटचीच पानं. तिथवर येईतो कोशकार थकलेले असतात असा माझा जुना संशय आहे, पण या शब्दाच्या बाबतीत तसं म्हणता येणार नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ‘हेर’ आणि ‘हेरणे’ दोन्ही देतो. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८) देतो. कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश (१९४६) जवळ आहेच. टर्नरच्या भारतीय आर्यभाषांच्या तौलनिक कोशात चौदा हजारांहून जास्त शीर्षशब्द आहेत आणि त्यातल्या अगदी अखेरच्या काहींत हा आपला शब्द आहे, तोही डोक्यावर तारा घेऊन : ‘*हेरति’. तारा म्हणजे हे रूप लेखी कुठे सापडलेलं नाही, पुढच्या भाषांवरून मागे जाऊन बांधलेलं आहे. अर्थ दिलाय तो साधाच, पाहतो किंवा शोधतो. प्राकृतात मात्र ‘हेरइ’ आहे, म्हणजे तिथून पुढे जमीन पक्की. संस्कृत कोशांत ‘हेरिक’ मिळतो, अर्थ हेर. पण वेदांत किंवा जुन्या संस्कृतात ज्याची मुळं भक्कम रुजलेली दिसतात असा हा शब्द नाही. लोकांच्या बोलीतून वर चढून संस्कृताच्या पंक्तीला बसलेला पाहुणा वाटतो.

महत्त्वाचं हे की मूळ अर्थात चोरी नाही. पाहणं आहे आणि शोधणं आहे.

‘हिरा’शी नातं जोडायचा मोह काहींना होतो (जवाहिऱ्या हिरा हेरतो म्हणून). ‘हिरा’ संस्कृत ‘हीर’ वरून आला, त्याचा याच्याशी संबंध नाही. हे नोंदीत लिहायचं नाही, पण कुणी विचारलं तर उत्तर तयार असावं.

७ जून

शेजारच्या भाषा. हिंदीच्या बोलींत, विशेषतः व्रज-अवधीत, ‘हेरना’ म्हणजे निव्वळ पाहणं किंवा शोधणं. कबीराच्या ‘हेरत हेरत हे सखी, रह्या कबीर हिराइ’ मध्ये शोधता शोधता शोधणाराच हरवतो. (तिथला ‘हिराइ’ म्हणजे हरवणं, तो वेगळा शब्द. दोन्ही एकाच ओळीत शेजारी शेजारी बसवून कबीराने कोशकारांची चांगलीच गंमत केली आहे.) बंगाली कवितेत ‘हेरि’ म्हणजे पाहते, पाहून. तिथे राधा कृष्णाला हेरते. मराठीत हे वाक्य लिहून पाहा. राधा एकदम पोलिसांची खबरी वाटायला लागते.

म्हणजे एकाच मुळाचं क्रियापद बंगालीत कवितेत गेलं, हिंदीच्या बोलींत शोधाशोधीत रमलं आणि मराठीत पोलीस ठाण्याच्या दारात येऊन उभं राहिलं. आपल्याकडेच हे का झालं, हा खरा प्रश्न. मला वाटतं उत्तर क्रियापदात नाही, ‘हेर’ या नामात आहे. पण ते नुसतं वाटून उपयोगाचं नाही, वापर तपासायला हवा.

११ जून

आज दिवसभर उतारे. ‘हेर’ धातूची सगळी रूपं काढून एका फाईलमध्ये ओतली आणि वाचत बसले.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती म्हणजे हे क्रियापद चालू स्थितीत जवळजवळ दिसतच नाही. ‘तो हेरतो आहे’, ‘ती हेरत होती’ असं माणसं बोलत नाहीत. दिसतं ते ‘हेरलं’, ‘हेरून’, ‘हेरून ठेवलं’, ‘हेरलेला’. आपल्याला कळतं तेव्हा हेरणं होऊन गेलेलं असतं. ‘न्याहाळणे’ याच्या उलट : ‘ती आरशात स्वतःला न्याहाळत होती’, तिथे वेळ मुरतो, पाहणं हेच काम. हेरण्यात वेळ नाही. नजर फिरते, एका ठिकाणी अडते, संपलं. उरतं ते ‘ठेवणं’.

हे ‘ठेवणं’ मला फार मोलाचं वाटतंय. ‘हेरून ठेवलं’ ही जोडी आपोआप येते. ‘डोकावून ठेवलं’ कुणी म्हणणार नाही. ‘न्याहाळून ठेवलं’ कानाला खटकतं. ‘पाहून ठेवलं’ चालतं (मुलगी पाहून ठेवली, जागा पाहून ठेवली) आणि तिथेही नेमका हाच अर्थ आहे : आत्ता काही करायचं नाही, पण पुढे करायचं आहे.

दुसरी गोष्ट, कर्म काय असतं. बातम्यांची भाषा ठोकळेबाज असते, पण कोशाला ठोकळेच उपयोगी पडतात. ‘बंद घर हेरून चोरट्यांनी डल्ला मारला.’ ‘एकट्या महिलेला हेरून मंगळसूत्र हिसकावले.’ ‘गर्दीचा फायदा घेत सावज हेरले.’ आणि मग पान उलटलं की क्रीडापानावर ‘निवड समितीने त्याचे गुण हेरले’, शेतीच्या पुरवणीत ‘बाजाराची गरज हेरून त्यांनी पिकात बदल केला’, राजकारणात ‘वाऱ्याची दिशा हेरून पक्ष बदलला’. घर, बाई, गुण, गरज, वारा, संधी, मोका. पहिल्या दोघांकडे पाहणारा लपतो, पुढच्या पाचांपासून लपायचं कशाला? वाऱ्यापासून कोण लपतं?

या सगळ्यांत सारखं काय आहे ते शोधत राहिले. चोरट्याच्या समोर दहा घरं होती, त्यातलं एक कुलूपबंद होतं. निवड समितीसमोर तीस मुलं होती, त्यातल्या एकाचा हात वेगळा पडत होता. शेतकऱ्यासमोर बाजार होता. प्रत्येक वेळी पुष्कळांतून एक उचललं जातं, ते हाताने नव्हे, नजरेने, आणि ते पाहणाऱ्याच्या पुढच्या कामाचं असतं. बंद घरासमोरून शंभर माणसं गेली. त्यांनीही कुलूप पाहिलं. त्यांनी ते हेरलं नाही, कारण त्यांना त्या कुलपाशी काही कर्तव्य नव्हतं.

तर माझं म्हणणं असं : हेरण्यात डोळे लपत नाहीत, हेतू लपतो. आणि कधी कधी तोही लपत नाही, तो नुसता अजून बोलला गेलेला नसतो.

१२ जून

मॅडमना वरचं पाठवलं. उत्तर एका ओळीचं : “छान. पण हेराचं काय?”

१६ जून

हेराचं काय ते पाहायला संस्कृतात शिरले, आणि बाहेर यायला संध्याकाळ झाली.

हेराला सर्वांत जुना शब्द ‘स्पश्’. ऋग्वेदातल्या वरुणसूक्तात (१.२५.१३) सोन्याचं कवच घातलेला वरुण बसलेला आहे आणि त्याच्या भोवती त्याचे हेर : ‘परि स्पशो नि षेदिरे’. हा ‘स्पश्’ म्हणजे मुळात पाहणे असाच धातू. ‘पश्यति’ हे त्याचंच रूप, डोक्यावरचा ‘स्’ गळालेला. शाळेत ‘पश्यति, पश्यतः, पश्यन्ति’ घोकताना आपण हेराचंच रूप चालवत होतो हे कुणी सांगितलं नव्हतं. लॅटिनमधलं ‘स्पेकेरे’, म्हणजे पाहणे, याच घराण्यातलं आणि त्यावरूनच आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘इन्स्पेक्टर’. इंग्रजीत हेराला म्हणतात तो ‘स्पाय’ही जर्मानिक आणि फ्रेंच अशा वाटेने फिरून याच मुळापाशी येतो. इतक्या दूरदूरच्या भाषांत हेराचं नाव ‘पाहणारा’ एवढंच आहे. लपलेला, गुप्त, चोर असं त्याच्या नावात काही नाही.

आणि त्याहून भारी म्हणजे ‘स्पष्ट’. ‘स्पष्ट’ हे त्याच ‘स्पश्’चं भूतकाळवाचक विशेषण : जे नीट दिसलं ते स्पष्ट. हेर आणि स्पष्ट एका पोटचे. हे वाचून खुर्चीतून उठले आणि एक चक्कर मारून आले.

मग संस्कृत कवी माघ आठवला. शिशुपालवधाच्या दुसऱ्या सर्गात उद्धव राजनीती सांगतो, तिथे त्याने व्याकरण आणि राजकारण एका श्लोकात बसवलंय : ‘शब्दविद्येव नो भाति राजनीतिरपस्पशा’. ‘अपस्पशा’ म्हणजे हेरांवाचूनची राजनीती. आणि व्याकरणाच्या बाजूने पाहिलं तर पतंजलीच्या महाभाष्याचं पहिलं प्रकरण ‘पस्पशाह्निक’, ते ज्यात नाही अशी शब्दविद्या. हेर नसतील तर राज्य शोभत नाही, पस्पशा नसेल तर व्याकरण शोभत नाही. कोशाच्या कामाला बसलेल्या माणसाने हेरांबद्दल काही शोधावं आणि थेट व्याकरणावरच येऊन आदळावं, ही माघाची कृपा. नोंदीत याला जागा नाही. इथे लिहून ठेवते.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त हेराला ‘गूढपुरुष’ म्हटलं आहे. इथे पहिल्यांदा गुप्तता नावात येते. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस हे एका जागी बसून पाहणारे, आणि सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी हे फिरते. यादी वाचली तर लक्षात येतं की यातलं कुणीही लपलेलं नाही. तापस मठात उघड बसतो, वैदेहक म्हणजे व्यापारी दुकान मांडून बसतो, भिक्षुकी दारोदार जाते. सगळे चारचौघांत दिसतात. ‘गूढ’ आहे ते त्यांचं खरं काम. मी ११ तारखेला जे लिहिलं तेच कौटिल्याच्या पगारपत्रकावर आहे म्हणा ना.

१८ जून

मराठीकडे परत. बहिर्जी नाईकाला आज आपण शिवाजी महाराजांचा गुप्तहेर म्हणतो, हेरखात्याचा प्रमुख म्हणतो. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत (राजारामांच्या काळातली, जिंजीला लिहिलेली) सुरतेच्या मोहिमेच्या बातमीसंदर्भात तो येतो तो ‘जासूद’ म्हणून. १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली गेली, त्याआधीची ती बातमी.

‘जासूद’ अरबी ‘जासूस’चं मराठी रूप. हिंदीत जासूस हेरच राहिला. मराठीत त्याने वेगळीच नोकरी धरली : पेशवाईतल्या पत्रांत जासूद म्हणजे बहुतेकदा पत्र घेऊन धावणारा. वैदिक ‘स्पश्’लाही कोश हेर आणि दूत असे दोन्ही अर्थ देतात. बातमी आणणारा आणि बातमी नेणारा, एकाच पायांची दोन कामं. तेव्हा पाहणाऱ्याला फक्त डोळे असून चालत नसे, पाय लागत.

‘गुप्तहेर’ हा जोडशब्द मात्र मला कायम मजेशीर वाटतो. हेर जर आधीच गुप्त असेल तर त्याला वरून ‘गुप्त’ कशाला जोडायचं? मला याचं एकच कारण दिसतं : ‘हेर’ या शब्दात एकट्याने पुरेशी गुप्तता वाजत नव्हती. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मराठी बोलणाऱ्यांनीच देऊन ठेवलंय. हा मुद्दा बैठकीत शेवटी काढायचा, सुरुवातीला नाही.

२३ जून

शेजारच्या नोंदी. त्यांच्या व्याख्या एकमेकींत इतक्या घुसल्या होत्या की वाचणाऱ्याला फरक कळलाच नसता. विभक्तीने सोडवलं. कुणाला पाहतो हे प्रत्येक शब्द वेगळ्या प्रत्ययाने सांगतो.

हेरणे ‘ला’ घेतं : त्याला हेरलं. थेट कर्म, नजर माणसाला जाऊन लागते.

डोकावणे कुणालाच घेत नाही, ते ‘त’ मागतं : खिडकीत डोकावला, घरात डोकावली, भूतकाळात डोकावले. ‘त्याला डोकावलं’ हे मराठी नाही. डोकं पुढे काढणं, एवढंच यात आहे. काय दिसलं हे सांगायला दुसरं वाक्य लागतं. म्हणून डोकावण्यात चौकसपणा आहे, आगाऊपणा आहे, पण डाव नाही. डोकावणाऱ्याला बहुधा काय शोधायचं तेच ठाऊक नसतं.

पाळत ‘वर’ मागते : त्याच्यावर पाळत ठेवली. एक माणूस आणि लांबलेला काळ. इथे गुप्तता हवीच. ज्याला कळली ती पाळत फसली.

टेहळणी ‘ची’ मागते, परिसराची टेहळणी. माणूस नव्हे, टापू. टेहळणी उंचावरून होते आणि ती लपून करायची गरज नसते. किल्ल्यावरचा टेहळणी बुरूज उलट दिसावा म्हणूनच पुढे काढलेला असतो. राजमाचीवर उभं राहिलं की हे व्याख्येवाचून कळतं : श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, खाली बोरघाट, घाटाने जाणारा येणारा प्रत्येक तांडा वरून दिसणार आणि तांड्यालाही ठाऊक की वरून कुणीतरी पाहतंय.

न्याहाळणे (संस्कृत ‘निभालयति’) पटकन झालं. त्यात जवळीक आहे. शत्रूला कुणी न्याहाळत नाही.

थोडक्यात, मसुद्यातला ‘गुप्तपणे टेहळणी करणे’ हा तुकडा दोन्ही टोकांनी चुकतो. हेरणं टेहळणी नव्हे आणि टेहळणी गुप्त नव्हे.

२५ जून

गटातल्या एका सहकाऱ्याने विचारलं की मग निव्वळ ‘चोरून पाहणे’ कुठल्या नोंदीत घालायचं, कारण त्याला एकच असा शब्द सापडत नाही. मी म्हटलं, शोधू नकोस, ‘चोरून पाहणे’ हाच शब्द आहे. ‘चोरणे’च्या नोंदीत पोटशब्द म्हणून घाल.

यावरून कायद्याची भाषा पाहिली. २०१३ च्या दुरुस्तीने दंडसंहितेत स्त्रीला असं चोरून पाहण्याच्या गुन्ह्याचं ३५४ सी हे कलम आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते ७७ वं आहे (१ जुलै २०२४ पासून लागू). हिंदी मजकुरात त्यासाठी ‘दृश्यरतिकता’ असा शब्द घडवलेला आहे. शब्द जिभेवर बसत नाही, पण व्याख्या चोख आहे. पाहणारा लपला होता का, असं कायदा विचारतच नाही. तो विचारतो की ती स्त्री अशा खासगी स्थितीत होती का, जिथे आपल्याला कुणी पाहणार नाही असं तिने साहजिकच धरून चालावं. म्हणजे आडोसा पाहणाऱ्याचा मोजायचा नाही, जिला पाहिलं तिचा मोजायचा. ‘चोरून’ या शब्दाचा खरा अर्थही हाच : पाहणारा लपतो म्हणून ते चोरून नव्हे, जे त्याला दिलेलं नाही ते तो घेतो म्हणून. ‘चोरणे’च्या नोंदीसाठी हा धागा सहकाऱ्याला दिला.

३० जून

बैठक. मॅडमनी ‘चोरून’ काढायला अर्ध्या तासाने मान्यता दिली, ‘गुप्तहेर’चा मुद्दा ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, “हे आधी का नाही सांगितलंस?” त्यांचा एक आक्षेप मात्र रास्त होता : बातम्यांतलं हेरणं इतकं प्रचलित आहे की वाचणाऱ्याच्या मनात शब्दाबरोबर चोरटा येतोच, आणि कोशाने ते नाकारू नये. म्हणून दुसरा अर्थ वेगळा काढला. ‘हेर’ची व्युत्पत्ती त्याच्या स्वतःच्या नोंदीत जाईल, ‘हेरफेर’ला इथून हात लावलेला नाही.

ठरलेली नोंद :

हेरणे (सक. क्रि.) [प्रा. हेरइ, पाहतो, शोधतो]
१. पुष्कळांतून हवे ते नजरेने अचूक ओळखून मनात पक्के करणे, टिपणे. ‘शिक्षकांनी तिचा गळा पहिल्याच दिवशी हेरला.’ ‘पावसाची उघडीप हेरून पेरणी उरकली.’
२. (पुढचा बेत कळू न देता) पाहून ठेवणे. ‘दोन दिवस फिरून त्यांनी बंद घरे हेरली.’ ‘सावज हेरणे.’
३. हेराचे काम करणे, शत्रूची बित्तंबातमी काढणे. (आता विरळ, या अर्थी ‘हेरगिरी करणे’ रूढ.)
बहुधा पूर्ण क्रियेच्या रूपांत : हेरले, हेरून, हेरून ठेवले.
पाहा : टेहळणी, डोकावणे, न्याहाळणे, पाळत.

दुसऱ्या अर्थातला कंस मॅडमना नको होता, मी ठेवून घेतला. उद्यापासून ‘हेरगिरी’, म्हणजे आधी ‘-गिरी’ या फारसी प्रत्ययाचा निकाल लावावा लागेल : दादागिरी, मुलूखगिरी, गुलामगिरी सगळी रांगेत उभी आहेत.